मातीचे धरण विरघळत का नाही?

वाळलेले मातीचे ढेकूळ बादलीभर पाण्यात टाकून पाहा. आधी बुडबुडे येतात, मग कडा सुटतात आणि थोड्याच वेळात तळाशी चिखल साचतो. पण भंडारा-गोंदियाकडच्या जुन्या तलावांच्या पाळी याच मातीच्या आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या पाणी अडवून उभ्या आहेत. शेतकऱ्याने स्वतःच्या रानात ओढ्यावर घातलेला बांध, बागेसाठी भराव टाकून केलेले तळे, साखर कारखान्याचा किंवा एखाद्या संस्थेचा छोटा तलाव, हे सगळे मातीचेच. मग एक ढेकूळ पाण्यात टिकत नाही आणि अख्खे धरण टिकते, ते कसे? आणि इतकी वर्षे टिकलेले धरण एखाद्या रात्री अचानक का फुटते?

पुष्कळांची समजूत अशी असते की पाण्याचा रेटा वाढत जातो आणि शेवटी तो भरावाला ढकलून देतो. एक साधा हिशेब करू. ६ मीटर उंचीचा भराव आहे, माथा ३ मीटर रुंद, पाण्याकडचा उतार तीनास एक आणि बाहेरचा दोनास एक. पाणी अगदी माथ्यापर्यंत चढले, तरी भरावाच्या प्रत्येक मीटर लांबीवर त्याचा आडवा रेटा येतो सुमारे १८ टन. तेवढ्याच लांबीतल्या मातीचे वजन भरते २०० टनांच्या आसपास. हा डोंगर १८ टनांनी ढकलला जात नाही. तलाव मागे किती लांब पसरला आहे, यानेही रेटा बदलत नाही. तो फक्त खोलीवर ठरतो. मातीचे धरण फुटते ते माती वाहून गेल्यामुळे. ती वरून वाहून जाते किंवा आतून.

ढेकूळ आणि भराव

ढेकळाच्या पोटात हवा भरलेली असते. पाणी चारी बाजूंनी आत शिरते, कोंडलेली हवा बाहेर पडायला धडपडते आणि त्या धडपडीत ढेकूळ फुटते. भराव नीट घातला असेल तर तिथे इतकी हवा उरतच नाही. माती १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी पसरतात, बेताचे पाणी मारतात, रोलर फिरवतात आणि मगच पुढचा थर टाकतात. पाण्याचा हा बेत फार महत्त्वाचा आहे. कोरडी माती कितीही दाबली तरी कणांमधल्या पोकळ्या राहतात आणि फार ओली माती रोलरखाली नुसती सरकते. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि तळहाताला चिखल लागू नये, अशी ओल जुने मुकादम हाताने ओळखत.

महाराष्ट्रात भरावाच्या मधोमध काळ्या चिकणमातीचा गाभा घालतात आणि दोन्ही अंगांनी मुरमाचे कवच देतात. पाणी अडवण्याचे काम गाभा करतो. पण उघड्यावर राहिली तर काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि ओली झाली की फुगते. मुरमाचे कवच तिला वाळू देत नाही आणि आपल्या वजनाने उतारही धरून ठेवते. गाभा जमिनीवर नुसता ठेवूनही भागत नाही. खाली घट्ट थर लागेपर्यंत चर खोदून तो चर याच मातीने भरावा लागतो, नाहीतर पाणी भरावाखालून वाट काढते. खासगी बांधांमध्ये नेमका हा चर वाचवला जातो, कारण एकदा बुजवला की तो कोणालाच दिसत नाही. जेसीबीवाल्याने दोन दिवसांत माती ओढून उभा केलेला ढीग आणि थराथराने दाबलेला भराव बाहेरून सारखेच दिसतात. फरक कळतो तो तलाव पहिल्यांदा भरतो तेव्हा. म्हणून नव्या बांधात पहिल्या पावसाळ्यात पाणी हळूहळू चढू द्यावे आणि त्या काळात रोज फेरी मारावी.

पाणी आतून चालत असते

मातीचे कोणतेही धरण पूर्ण कोरडे नसते. चांगल्या दाबलेल्या चिकणमातीतून पाणी वर्षाकाठी काही सेंटिमीटर ते फार तर काही मीटर सरकते. जाड वाळूत तेवढे अंतर मिनिटांत कापले जाते. भरावात शिरलेले पाणी हळूहळू खाली उतरत बाहेरच्या पायथ्याकडे येते आणि तिथे ओल दिसू लागते. या ओलीला घाबरायचे कारण नाही. पाहायचे ते एवढेच की येणारे पाणी सोबत माती आणते आहे का.

आणत असेल, तर आत काय चालले आहे ते समजून घेऊ. पाणी जिथे बाहेर पडते तिथला पहिला कण सुटतो. त्याच्या मागची जागा मोकळी होते, त्यामुळे पाण्याची वाट तेवढीच आखूड होते आणि वेग किंचित वाढतो. वेग वाढला की पुढचा कण आणखी सहज सुटतो. अशी एक बारीक नळी बाहेरच्या अंगाने सुरू होते आणि तलावाच्या दिशेने मागे मागे वाढत जाते. महिनोन्‌महिने ती बोटाएवढीच राहू शकते. पण तिचे दुसरे टोक साठ्याला भिडले की पाणी थेट वाहू लागते आणि पुढचा खेळ काही तासांचा असतो. यालाच नळीची धूप म्हणतात.

यावरचा उपाय फार सुंदर आहे. पाण्याला वाट द्यायची, पण मातीला द्यायची नाही. पूर्वी घरोघरी एकावर एक माठ ठेवून पाणी गाळत. वरच्या माठात वाळू आणि खडी असे, पाणी निथळून खाली येई आणि गाळ वर राही. धरणाच्या पायथ्याशी हेच करतात. गाभ्याला लागून स्वच्छ वाळू, तिच्यापुढे खडी आणि त्यापुढे दगडांचा बांध. वाळूच्या कणांमधली भोके मातीच्या कणांना अडवण्याइतकी लहान हवीत आणि पाण्याला कोंडू नये इतकी मोठी. या दोन टोकांमधला मेळ कसा साधायचा, याचा नियम कार्ल तेर्झाघी या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधून दिला. मातीच्या धरणांना मिळालेले हे सर्वांत मोठे संरक्षण आहे, असे मला वाटते. लहान बांधावर बहुतेक वेळा वाळूचा हा थरच नसतो.

[चौकट] पायथ्याचे पाणी काय सांगते?

• ओल आहे, पाणी स्वच्छ आहे आणि धार दरवर्षी तेवढीच: जागा खुणावून ठेवा, नोंद करत राहा.
• साठ्याची पातळी तीच असूनही धार वाढली: जाणकार अभियंत्याला लगेच दाखवा.
• पाणी गढूळ, किंवा बाटलीत भरून ठेवल्यावर तळाला माती बसते: आत धूप सुरू आहे, साठा कमी करायला लागा.
• पायथ्यापलीकडच्या जमिनीतून पाणी उकळल्यासारखे वर येते आणि भोवती वाळूचे वर्तुळ साचते: पाणी भरावाखालून येत आहे.
• वर्षानुवर्षे वाहणारी धार एकदम थांबली: आनंद मानू नका. आतली वाट ढासळून बुजली असेल तर पाणी दुसरी वाट शोधेल.

सांडवा ही रिकामी जागा नव्हे

मातीच्या भरावावरून पाणी वाहणे हा त्याचा अंत असतो. माथ्यावरून पडणारी धार बाहेरच्या उताराचा पायथा खणते. तिथे पायरी तयार होते, ती ढासळत ढासळत वर चढते आणि माथा कापून तलावाला भिडते. म्हणून पुराचे पाणी भरावाला वळसा घालून, शक्यतो बाजूच्या मूळ कठीण जमिनीवरून काढून द्यायचे असते. ही वाट म्हणजे सांडवा. वर्षातले साडेअकरा महिने तो कोरडा असतो, आणि हीच त्याची अडचण आहे. कोरडी, सपाट, मोकळी जागा मालकाच्या डोळ्यांत भरते.

सांडवा केवढा हवा? सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या पाणलोटांसाठी आपल्याकडे इंग्लिस सूत्र वापरतात. त्याप्रमाणे अवघ्या १ चौरस किलोमीटर पाणलोटातून कमाल पूर येतो सेकंदाला सुमारे ३७ घनमीटर, म्हणजे ३७ हजार लिटर. हा पूर १ मीटर खोलीने वाहून न्यायचा तर सांडवा २२ मीटर रुंद लागतो. आता समजा, मालकाने थोडे जास्त पाणी साठावे म्हणून सांडव्यावर अर्धा मीटर उंचीची वाळूची पोती रचली. वाहायला उरलेली खोली निम्मी झाली. क्षमता मात्र निम्मी होत नाही. ती जवळपास एक तृतीयांशावर येते, कारण खोली कमी झाली की वाहण्याची जागा घटते आणि वेगही घटतो. अर्धा मीटर जास्त पाण्यासाठी पूर पेलण्याची दोन तृतीयांश ताकद गेली. भरावाचा माथा खाली बसला तरी परिणाम हाच होतो, आणि मातीचा भराव वर्षानुवर्षे थोडा थोडा बसतच असतो. तो मध्यभागी जास्त बसतो, कारण तिथे उंची जास्त असते.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात या सगळ्या चुका एकाच धरणावर झाल्या. साउथ फोर्क हे सुमारे २२ मीटर उंचीचे मातीचे धरण राज्य सरकारने कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधले आणि १८५३ मध्ये पूर्ण केले. रेल्वे आली, कालवा निकामी झाला आणि धरण खासगी हातांत गेले. एका मालकाने तळातले ओतीव लोखंडाचे नळ काढून भंगारात विकले. साठा खाली आणण्याचा एकमेव मार्ग तिथेच संपला. १८७९ मध्ये श्रीमंत उद्योगपतींच्या मासेमारी क्लबने ते घेतले. माथ्यावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा खाली आणून रुंद केला गेला. तलावात सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसल्या.

३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसात पाणी चढू लागले. फांद्या आणि पालापाचोळा अडकून जाळ्या तुंबल्या. माणसे सकाळपासून माथ्यावर माती टाकत होती, एका बाजूला नवा सांडवा खणायचा प्रयत्न करत होती. दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटले आणि तासाभरात पाणी २२ किलोमीटर खालच्या जॉन्सटाउनमध्ये घुसले. २,२०९ माणसे मेली. क्लबवर न्यायालयात जबाबदारी बसली नाही.

शंभराहून अधिक वर्षांनंतरही हीच गोष्ट घडली. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर ऊसशेतीसाठी १८९० मध्ये बांधलेले का लोको हे मातीचे खासगी धरण १४ मार्च २००६ च्या पहाटे, अनेक आठवड्यांच्या पावसानंतर फुटले आणि सात जण वाहून गेले. सांडवा मातीने बुजवला गेला असावा आणि त्यामुळे पाणी माथ्यावरून गेले असावे, असे चौकशीत पुढे आले. या वेळी मात्र मालकाला शिक्षा झाली. २०१४ मध्ये त्याला सात महिन्यांची कैद सुनावली गेली.

झाडे, बिळे आणि भेगा

धरणावर झाड नको, हे सांगितले की लोकांना ते पटत नाही. मुळे माती धरून ठेवतात, असे आपण शाळेपासून शिकलो आहोत. गवताच्या बाबतीत ते अगदी खरे आहे. उतारावर दाट, आखूड गवत असणे हीच सर्वांत स्वस्त आणि चांगली देखभाल आहे. पण सुबाभूळ, बाभूळ, निलगिरी यांची मुळे ओलीच्या दिशेने खोल जातात. झाड जिवंत असताना ती पाण्याला फट देतात आणि झाड मेल्यावर कुजून तयार नळी मागे ठेवतात. वादळात मोठे झाड उन्मळले तर मुळांबरोबर भरावाचा लचका निघतो. म्हणून रोप बोटाएवढे असतानाच उपटावे. झाड मोठे झालेच असेल तर नुसते तोडून बुंधा ठेवणे हा सर्वांत वाईट मार्ग. मुळे काढून खड्डा थरांनी दाबून भरावा लागतो आणि ते काम साठा उतरल्यावर, अभियंत्याला विचारूनच करावे.

घाणेरीची जाळी आणि उंच वाढलेले रान यांचा तोटा निराळा आहे. त्यांच्याआड उतार दिसत नाही. घुशीचे बीळ, खेकड्यांची भोके, नवी ओल, खचलेला तुकडा, सगळे झाकले जाते. उताराची वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पूर्ण सफाई व्हायला हवी.

खेकड्यांवरून २०१९ मध्ये महाराष्ट्रात बराच वाद झाला. २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि सुमारे वीस माणसे गेली. धरण सरकारी होते. खेकड्यांनी ते पोखरले, असे तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितले. लोकांना त्या विधानाचा राग आला आणि तो रास्त होता. प्राणी भराव पोखरतात, यात खोटे काही नाही. पण बीळ एका रात्रीत पडत नाही. धरण गळते आहे, अशा तक्रारी गावकरी आधीपासून करत होते. बीळ दिसल्यावर ते वेळेत खणून, ओल्या मातीने दाबून बुजवणे हे माणसाचे काम आहे.

भेगांमध्येही फरक आहे. माथ्यावर लांबीच्या दिशेने गेलेली भेग सहसा उतार घसरू लागल्याची खूण असते. आडवी, म्हणजे तलावाकडून बाहेर जाणारी भेग अधिक धोक्याची, कारण साठा तिथवर चढला की पाण्याला आयती वाट मिळते. वरून माती लोटून भेग झाकली की ती दिसेनाशी होते, बुजत नाही.

जॉर्जिया राज्यातल्या टोकोआ इथले केली बार्न्स धरण यातल्या अनेक दुर्लक्षांचे उदाहरण आहे. उंची १२ मीटरांहूनही थोडी कमी. मूळ लाकूड-दगडाच्या बंधाऱ्यावर मातीचे थर चढवत ते वाढले होते आणि एका धर्मशिक्षण महाविद्यालयाच्या मालकीचे होते. वीजनिर्मिती १९५७ मध्ये थांबली, पुढे तलाव फक्त विरंगुळ्यापुरता उरला. बाहेरचा उतार फार तीव्र होता, त्यावर झाडे वाढली होती आणि फुटण्याच्या काही वर्षे आधी तिथे घसरण झालेली छायाचित्रात दिसते. ६ नोव्हेंबर १९७७ ला मध्यरात्रीनंतर ते फुटले. खालीच महाविद्यालयाचे आवार होते. ३९ जण बुडाले.

भरावातून जाणारा नळ

मोरी किंवा नळ भरावातून जातो तिथे माती नीट दाबली जात नाही, कारण नळाच्या पोटाखाली रोलर पोहोचत नाही. पाणी नळाच्या अंगाअंगाने वाट काढते. लोखंडी नळ गंजून भोक पडले तर माती नळातच ओढली जाते आणि माथ्यावर खड्डा पडतो. पुण्याजवळच्या पानशेत धरणाच्या भरावातून जाणारा मोठा नळमार्ग १२ जुलै १९६१ च्या आपत्तीचे मूळ होता. काम अपुरे असताना साठा झाला, नळमार्गावरचा भराव खचत गेला आणि पाणी माथ्यावरून वाहिले. पूर्वी नळाभोवती काँक्रीटची कडी घालत. आता त्यापेक्षा नळाच्या बाहेरच्या टोकाकडे वाळूचा गाळणी-थर देणे चांगले मानतात.

मालक कोण?

विदर्भातले ते जुने तलाव एके काळी खासगीच होते. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात असत. गावाचे पाण्यावरचे हक्क निस्तार पत्रकात नोंदलेले असत. १९५०-५१ मध्ये मालगुजारी संपली आणि मालकी सरकारकडे गेली. आजही त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. मालक बदलला, पण दरवर्षी पाळीवरून फेरी कोण मारणार, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. कित्येक तलाव गाळाने भरले, पाळी खचल्या. खासगी मालकी वाईट आणि सरकारी चांगली, किंवा उलटे, असे यातून सिद्ध होत नाही. तिवरे सरकारी होते, का लोको खासगी.

कायद्याची नजर मोठ्या धरणांवर असते. आपला २०२१ चा धरण सुरक्षितता कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी लांबी, साठा, पूर अशा ठरावीक अटींत बसणाऱ्यांना. त्याखालचे बांध बाहेर राहतात. उंचीवरून धोका मोजण्यातली ही उणीव आहे. १२ मीटरही न भरणारे केली बार्न्स धरण ३९ जीव घेऊन गेले, कारण खाली माणसे झोपलेली होती. त्या घटनेनंतर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी केंद्र सरकारच्या मालकीची नसलेली, पण खाली वस्ती असलेली धरणे तपासायला लावली. सुमारे ८,८०० धरणांची पाहणी झाली आणि त्यातली जवळपास एक तृतीयांश असुरक्षित ठरली.

गढूळ पाणी दिसले तर

पहिला फोन खाली राहणाऱ्यांना करायचा. दुरुस्ती जमेल की नाही याचा विचार त्यानंतर. खालच्या वस्त्या, शाळा, वीटभट्टीवरची पाले, रस्त्यावरचा पूल यांची यादी आणि क्रमांक पावसाळ्याआधीच तयार हवेत. सोबत तलाठी, पोलीस पाटील आणि तहसील कार्यालयाचे.

मग साठा उतरवायचा. मोरी उघडा, पंप लावा, सायफन लावा. सांडवा आणखी खणायचा मोह मात्र आवरा. मऊ जमिनीत खणलेली चारी स्वतःच धरण फुटण्याची वाट बनते. एरवी, घाई नसताना, साठा फार वेगाने उतरवू नये, कारण भरावातले पाणी तितक्या लवकर निघत नाही आणि आतल्या अंगाचा उतार जड होऊन तलावात घसरतो. पण गढूळ धार वाढत असेल तर तो धोका पत्करावा लागतो.

बाहेर जिथे पाणी निघते तिथे चिकणमाती ठासून भोक बंद करू नका. आत दाब वाढेल आणि पाणी शेजारून फुटेल. त्या जागी आधी जाड वाळू, वर बारीक खडी, वर मोठी खडी आणि शेवटी दगड रचा. पाणी येत राहील, माती थांबेल. यासाठी दोन ट्रॉल्या वाळू आणि खडी मे महिन्यातच बांधाजवळ टाकून ठेवावी, कारण जुलैच्या पावसात ट्रॅक्टर तिथवर जात नाही.

नको असलेले धरण

वारसांनी शेत विकले, बाग गेली, विहिरीला पाणी लागले, आणि बांध तसाच उभा राहिला, असे पुष्कळदा होते. सोडून दिलेला बांध धोका कमी करत नाही. दर पावसात तो भरतोच. देखभाल होणार नसेल, तर तो विचारपूर्वक मोडावा. उन्हाळ्यात, साठा पूर्ण उतरवून, ओढ्याच्या मूळ तळापर्यंत रुंद खिंड कापायची. तिच्या बाजू उभ्या न ठेवता सपाट उताराच्या करायच्या, तळाला दगड घालायचे. मागे साचलेला गाळ आधी काढायचा, तो शेतात पसरायला उत्तम असतो. खिंड एवढी रुंद हवी की मोठ्या पुरातही मागे पाणी तुंबणार नाही. तिचे माप त्याच इंग्लिस सूत्राने निघते, ज्याने सांडव्याचे निघाले होते.